कौतिकामावशीचा सोमवार

तुमच्या लेकराला शाळेत बरं वाटेनासं झालं तर ते कोणत्या शब्दांत सांगतं, आणि तो शब्द तिथे कुणाला कळतो का, हे तुम्ही कधी जाऊन पाहिलं आहे?

कौतिकामावशी, हा प्रश्न तुझ्यासाठी नाही. तू जाऊन पाहिलं होतंस. तुझ्या शोकसभेत सतरंजीवर पुढच्या रांगेत बसलेल्या लोकांना मी तो विचारते आहे. तुझ्याशी मला निराळं बोलायचं आहे. त्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत सभा झाली. तुझा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून टेबलावर नुसता हार ठेवला होता. नलिनीबाई बोलायला उभ्या राहिल्या. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्यांना ओळखत नसेल तर सांगते, त्या रोलिंग मिलच्या फोरमनसाहेबांच्या पत्नी, वर्ध्याकडच्या, आणि त्यांची विजया त्याच मिशनच्या शाळेत आहे जिथे तुझी प्रमिला आहे. म्हणाल्या, "कौतिकाबाई म्हणजे आमच्या शाळेची माउली होत्या. सगळ्या लेकरांना त्यांनी आपलं मानलं." मग त्यांनी डोळे पुसले. खोटे नसतील ते डोळे, पण मला ते पाहवले नाहीत.

प्रमी माझ्याजवळ बसली होती. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, ह्या कोनाबद्दल बोलून राहिल्या?"

"तुझ्या आईबद्दल."

"मंग आईले 'होत्या' कावून म्हनून राहिल्या? त्या तं 'ए कौतिका' म्हनत."

नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते त्या खोलीत आणखी कुणाला कळलं असेल तर त्यानं दाखवलं नाही.

तू कुठली, कोणत्या साली इथे आलीस, हे मी लिहिणार नाही. ते सभेत सांगून झालं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी जे सांगते ते आपल्या दोघींच्या क्वार्टरांमधल्या भिंतीपासून सुरू होतं. एका विटेची भिंत. अलीकडे बाबा मला नागपूरहून आणलेली पत्रकं मोठ्यानं वाचायला लावत, आणि पलीकडे तू भाकरी थापता थापता ऐकत असायचीस. अंकलिपीच्या आधी माझ्या हातात पत्रकं आली. माणसानं कसं उभं राहावं, कुणापुढे झुकू नये, हे मी त्या पिवळ्या कागदांवर शिकले. आणि तू भिंतीपलीकडून म्हणायचीस, "पोरी, तुह्या कागदात कोनी हळू बोलते का नाई? सगळेच बोंबलून राहिले."

मी चिडायचे. तू हसायचीस. तुझ्या लेखी मी 'छापखान्याची पोरगी' होते. माझ्या लेखी तू एक भोळी बाई होतीस, जिला अजून जागं करायचं बाकी होतं.

मग प्रमीचं प्रकरण झालं.

प्रमी दुसरीत होती. आपल्या सेक्टरातले रस्ते तेव्हा नुसते मुरमाचे होते, आणि शाळेचं मैदानही. सकाळी प्रार्थनेनंतर त्या मैदानात उन्हात ड्रिल व्हायचं. ड्रिल करता करता प्रमी थांबली आणि मिसला म्हणाली, "मिस, जीव घाबरते." मिसला कळेना, म्हणून तिनं तिला येत होतं तसं हिंदी केलं, "मिस, जी घबराता है."

आपल्याकडे जीव घाबरणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, दम पुरत नाही, आता पडतो की काय असं वाटतं. पण मिस केरळातल्या. त्या हिंदी शिकल्या त्या प्रार्थनेच्या पुस्तकातून, आणि त्या पुस्तकात घबराना म्हणजे भिणं. त्यांनी प्रेमानं विचारलं, "किससे घबराती है, बेबी?"

किससे? प्रमीला या प्रश्नाचं उत्तर कुठून यावं? ती इकडेतिकडे पाहून म्हणाली, "ड्रिल से."

झालं. पोरगी बुजरी आहे असं ठरलं. तिची भीती जावी म्हणून मिसनी तिला रोज ड्रिलमध्ये सगळ्यांपुढे उभं केलं. पाठीवरून हात फिरवला, येशूचं एक चित्रही दिलं. कुणी तिला मारलं नाही, कुणी रागावलं नाही. मला त्याचाच जास्त संताप येतो. दुष्टपणा असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे एक भली बाई एका आजारी लेकराला, त्याच्याच भल्यासाठी, रोज उन्हात पुढे उभं करत होती.

आणि तू? खरं तेच लिहायचं तर तुझंही लिहायला हवं. प्रमी घरीही सांगत होती, "आई, जीव घाबरते." तू म्हणायचीस, "उपाशी जातं म्हनून." तिला लिंबाचं पाणी द्यायचीस. एकदा तर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यास. मी भिंतीवरून ओरडले, "मावशी, बाबासाहेबांनी हेच शिकवलं का?" तू म्हणालीस, "बाबासाहेबांनी लेकराले बरं करू नको असं तं नाई सांगतलं."

तरी रोज तोच शब्द. मग शाळेनं ठरवलं की ज्या पोरीला रोज भीती वाटते, तिला घरी कसली तरी भीती असणार. 'गार्जियन'ला बोलावणं आलं. गार्जियन म्हणजे बाप, बाई कधीच नाही. लक्ष्मणकाका कोक ओव्हनच्या भट्टीवरून पहिली शिफ्ट सुटल्यावर तसेच गेले, तोंडावर काळी भुकटी घेऊन. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टरनी त्यांना उभं ठेवून विचारलं, दारू पिता का, मुलीला मारता का.

काका परत आले ते हातपाय न धुता अंगणातल्या दगडावर बसले. मी दारात होते. ते तुझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले इचारलं, दारू पेतं का. लेकरू घरी भेते म्हने."

"भेते? प्रमी?" तू म्हणालीस. "ते तं सांडाले दगड मारते."

"उद्यापासून नाई जानार ते त्या शाळेत."

माझंही तेच मत होतं. मी म्हणाले, मी पत्रक लिहिते. कामगाराचा अपमान, बापाचा अपमान, आपल्या लोकांचा अपमान. माझ्याकडे मथळासुद्धा तयार होता. तू हातातलं पीठ झटकलंस आणि म्हणालीस, "थांब वो. ते भेते म्हनतात तं कायच्या भरोशावर म्हनतात, ते पाहू दे पयले."

दुसऱ्या दिवशी तू प्रमीला नेहमीसारखंच शाळेत पाठवलंस आणि मागोमाग मला सोबत नेलंस. हिंदी बोलायला, असं म्हणालीस. फाटकावर आया होती, इथलीच, छत्तीसगढी. ती म्हणाली, "तोर आदमी ला भेज दे बाई." तू म्हणालीस, "आदमीले पाठवलं तं त्याले दारुड्या ठरवलं. आता बाईले पाहा." आणि तू आत चालू लागलीस.

मोठ्या सिस्टरसमोर तू पहिल्यांदाच अडखळलीस. "घाबरते म्हनजे भेत नाई ते," तू म्हणालीस. मी हिंदीत सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "तो फिर क्या?" आणि मला, कॉलेजात जाणाऱ्या मला, एक शब्द सुचला नाही. डर नहीं, घबराहट नहीं, तो क्या? तेव्हा तू सिस्टरचा हात धरलास. त्या शाळेत सिस्टरचा हात कुणी धरत नसे. तू तो हात प्रमीच्या छातीवर ठेवलास. सिस्टरनी बोलावलं म्हणून पोरगी वर्गातून नुसती चालत आली होती.

सिस्टरनी हात काढला नाही. म्हणाल्या, "इतना तेज़? चलने से?"

पुढचं सगळं मी त्यांच्या बाजूनं लिहिणार आहे, कारण ते खरं आहे. त्या स्वतः आपल्यासोबत हॉस्पिटलात आल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. हिला ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते का कधी? तू म्हणालीस, हो, दोन हिवाळे सुजले, मी तेल चोळलं. खेळताना ही मधेच खाली बसते का? सिस्टर म्हणाल्या, हो, बसते, आम्हाला वाटलं लाजते. एक उत्तर घरात पडून होतं आणि दुसरं शाळेत. मध्ये फाटक होतं. दोन वर्षं ती दोन उत्तरं एकमेकांना भेटली नव्हती, आणि तेवढ्यात पोरीच्या काळजाची झडप खराब झाली.

दर महिन्याला सुई. ड्रिल बंद. जीव घाबरला की लगेच निजवायचं, ओठ निळे दिसले की हॉस्पिटलात आणायचं. सिस्टर परत येताना म्हणाल्या, आमच्याकडे इतकी माणसं नाहीत. या मुलीचं बोलणं कळणारी, तिच्यावर लक्ष ठेवणारी बाई शाळेत कोण बसणार? त्याशिवाय आम्ही हिची जबाबदारी कशी घेऊ?

"मी बसीन ना," तू म्हणालीस.

तोच करार. बाकावर बाई असेल तोवर प्रमिला शाळेत. पाण्याच्या माठांजवळच्या व्हरांड्यात सिस्टरनी एक जुना बाक टाकून दिला. तू लसूण सोलायला घेऊन जायचीस, गोधडीला टाके घालायचीस. मोठी सुट्टी झाली की पोरी तुझ्याभोवती गोळा व्हायच्या, कारण त्या अख्ख्या शाळेत आपल्या बोलीत बोलता येईल अशी तेवढीच जागा होती. मग कळायला लागलं. संडासाच्या दाराला कडी नव्हती, म्हणून मोठ्या पोरी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. एक पोरगी वर्गात झोपायची, कारण एका खोलीच्या क्वार्टरमध्ये रात्रपाळीचा बाप दिवसा झोपला की सगळ्यांनी बाहेर आणि तो कामावर गेला की आईला कामात मदत. तू दर शनिवारी पायऱ्यांवर सिस्टरना हे सांगायचीस, तोडक्या हिंदीत, हातवारे करत. सिस्टर मिसना सांगायच्या. कडी लागली. झोपणाऱ्या पोरीला झोपू देऊ लागले. एका शनिवारी तुला ताप होता आणि तू गेली नाहीस, तर सिस्टरनी आयाला घरी पाठवलं. "सिस्टर पूछत हे, आज का खबर हे?"

तू एकटी रोज बसू शकत नव्हतीस, म्हणून बायका जमवल्यास. फुलबासन आली, जिच्या गावाची जमीन कारखान्याच्या हद्दीत गेली आणि बदल्यात जिच्या नवऱ्याला खलाशाची, म्हणजे हरकाम्या मजुराची, नोकरी मिळाली. शेजारच्या लाइनीतल्या आल्या. नलिनीबाईही आल्या, बुधवारी. मी शनिवार घेतला. या सगळ्याला तू 'बाकाची ड्युटी' नाव दिलंस आणि कारखान्याचा एकच नियम लावलास. ओव्हनवर रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही, तसं इथेही नाही. सकाळची बाई दुपारची बाई येईपर्यंत उठणार नाही. एकदा दुपारची आलीच नाही, तू शाळा सुटेपर्यंत बसलीस आणि घरी दुपारची चूल पेटलीच नाही. काका म्हणाले, "मी ड्युटी करतो तं पगार भेटते. तुले काय भेटते?"

तू म्हणालीस, "मले बसाले बाक भेटते. तुमाले तं तोई नाई."

काका हसले होते.

आता ते, ज्यावरून आपलं भांडण झालं आणि मिटलं नाही.

उन्हाळ्यात नळाचं पाणी तापायचं आणि शाळेचे माठ लवकर संपायचे. म्हणून तू घरून सुरई नेऊ लागलीस. एक दिवस नलिनीबाईंच्या विजयाला ऊन लागलं, ती ओकली. तू तिला बाकावर निजवलंस, कपाळावर ओला पदर ठेवलास, तुझ्या सुरईतलं पाणी मीठसाखर घालून घोटघोट पाजलंस. पोरीनं घरी जाऊन कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नलिनीबाई आल्या. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्यांनी विजयाच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवली आणि तुझ्याकडे न पाहता पोरीला म्हणाल्या, "आपलं पाणी प्यायचं. कुणाचं घ्यायचं नाही, कळलं ना?" त्या आठवड्यात शाळेत तशा बाटल्या वाढल्या. मग सिस्टरकडे निरोप गेला की त्या बायकांचे वार आणि आमचे वार वेगळे असावेत.

त्या बायका. आपण. गावात विहिरीवर जे होतं ते मागे सोडून इथे आलो, असं आपले बाप म्हणत होते. इथे सगळ्यांना एकसारखं क्वार्टर, एकसारखा नळ, एकसारखी टोपी. आणि पाणी मात्र तेच.

मी त्या दिवशी पत्रक लिहिलं. लिहून तुझ्यासमोर वाचलं. आजवर मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "छापू नको."

"का?"

"तू छापशीन. त्याईले राग येईन. बुधवारी कोन बसन मंग?"

"म्हणजे तू हे सहन करणार?"

"सहन करून राहिली असं तुले कोनं सांगतलं? मी बुधवार भरून राहिली."

"मावशी, हे झुकणं आहे."

"पोरी, तुले उभं राहाले कागद लागते. मले बसाले बाई लागते. प्रमीसाठी लागते." मग जराशानं म्हणालीस, "सुरई तं मी आननारच. ज्याले प्याचं तो पेईन."

सुरई तू रोज आणलीस. नलिनीबाई बुधवारी येत राहिल्या, आपलं पाणी घेऊन. पत्रक माझ्या पेटीत राहिलं. तू म्हणायचीस, शाळा आपली नाही पण लेकरं आपली आहेत. मी म्हणत होते, जिथे आपला अपमान होतो तिथली लेकरंही अपमान शिकतात. तुझं खरं की माझं? आपण ते पुढच्या वेळी बोलू असं म्हणत राहिलो. तू मला एकदा तरी जिंकू द्यायला हवं होतंस.

तुझं हसू मात्र तुझ्या शत्रूंनाही मिळायचं. याच बायकांपैकी एकीनं तुला बाकावर येऊन विचारलं होतं, "काय वो कौतिका, दिवसभर सिस्टरपाशी बसतं. किरिस्ताव झाली म्हनतात तू." तू लसूण सोलता सोलता म्हणालीस, "एकदा बदलला ना बाई धरम. तो काय क्वार्टर हाय, दर प्रमोशनले बदलाले?" ती बाईसुद्धा हसली. सिस्टरनी मला त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, तर त्याही तोंडावर हात ठेवून हसल्या. मी तुझ्यासारखं कुणाला हसवून निरुत्तर करू शकत नाही. मला फक्त रागावता येतं. तू होतीस तोवर ते पुरत होतं.

तुझा ताप आधी कुणाला मोठा वाटला नाही, तुला तर नाहीच. हॉस्पिटलात मी शेवटच्या वेळी आले तेव्हा तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस. तू विचारलंस, "बुधवारी कोन बसलं?"

मी म्हणाले, "कुणी नाही, मावशी."

तू भिंतीकडे कूस वळवलीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. बोलायला ताकद नव्हती की बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही. तुला थोपटत तिथे बसून मी म्हणायला हवं होतं की तुझं बरोबर असेल. पण मला तसं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तुझा आणि माझा एवढाच एक व्यवहार चोख होता की आपण एकमेकींशी खोटं बोललो नाही.

पण मग हे पाहा, मावशी. ज्यांचा राग येऊ नये म्हणून तू मला थांबवलंस, त्यांनी तू आजारी पडताच पहिला बुधवार सोडला. मग गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सोमवार तर तुझाच होता. माउली म्हणून डोळे पुसणारी एकही बाई त्या बाकावर फिरकलेली नाही. फुलबासन तिच्या मंगळवारी येते. ती सभेत बोलली नाही, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. शनिवारी मी असते. बाकी दिवस बाकावर पोरींची दप्तरं असतात.

गेल्या आठवड्यात मोठ्या सिस्टरनी लक्ष्मणकाकांना बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. म्हणाल्या, मला वाईट वाटतं, पण बाकावर कुणी नाही आणि प्रमिलाला परवा जिन्यात चक्कर आली. ते आम्हाला नशिबानं कळलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बाई मिळाली नाही तर आम्हाला तिचं नाव कमी करावं लागेल. काकांनी मान हलवली. त्यांना भांडायचं नव्हतं. ते प्रमीला तुमसरकडे आजीच्या गावी पाठवणार आहेत. त्या गावात दर महिन्याची सुई कोण देणार, हे मी विचारलं. ते म्हणाले, "मंग मी ओव्हन सोडू का?"

सिस्टरवर मला राग आहे. एका लेकराची जबाबदारी घ्यायला शाळेला दुसऱ्या लेकरांच्या आया लागाव्यात, हे कसलं शिक्षण? पगारी बाई ठेवा, आपली बोली जाणणारी, इथलीच. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि पुन्हा सांगणार आहे. त्या म्हणाल्या, वर लिहिलं आहे, उत्तर येईपर्यंत वेळ लागेल. पण प्रमीची झडप वरून उत्तर येईपर्यंत वाट पाहणार नाही. आणि ज्या शाळेनं निदान हात छातीवर ठेवून पाहिला, तिच्यावर मी जितकी चिडते त्यापेक्षा जास्त त्यांच्यावर चिडते, ज्यांनी पाहायलाच जायचं सोडलं.

म्हणून मावशी, हे मी छापते आहे. नावानिशी. तू नको म्हणाली असतीस आणि आपण भिंतीच्या दोन बाजूंनी पुन्हा भांडलो असतो. आता भिंतीपलीकडे प्रमी एकटीच भाकरी थापते. जाड होतात. ती त्या मला आणून देते आणि मी खाते. तू माझ्यावर केलेल्या उपकारांची गोष्ट निघाली की मला एवढंच सांगता येतं की तू मला माणसांजवळ बसायला शिकवलंस. उभं राहायला शिकवणारे पुष्कळ होते.

आता यांच्याशी बोलू दे.

सेक्टरांतल्या आणि मजुरांच्या कॅम्पातल्या आयांनो, सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे चार वार रिकामे आहेत. एकीनं एक वार घेतला तर दसऱ्यानंतरही प्रमिला वर्गात बसेल आणि तिची सुई चुकणार नाही. हिंदी यावी लागत नाही, शिकलेलं असावं लागत नाही. तुमचं लेकरू त्या शाळेत नसलं तरी चालेल. नलिनीबाई, तुम्हीही या. तुम्ही आलात तर मी तुमच्याशी पाण्याचं भांडण त्या बाकावर बसून, समोरासमोर करीन, पण तुम्ही बसलेल्या असाल, आणि मावशीला तेवढंच हवं होतं. तुमच्यापैकी ज्यांना कौतिकाबाईंबद्दल दोन शब्द बोलायचे होते, त्यांचे ते सभेत बोलून झाले आहेत.

येत्या सोमवारी सकाळी दहाला फाटक उघडतं. कुणीतरी एक जण येऊन बसा.